बिझनेस सिम्युलेशन गेम वर्गात घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉमर्स, बीबीए, एमबीए आणि इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांच्या कार्यशाळांत हेच प्रश्न फिरून फिरून येतात. बहुतेक उत्तरं एकाच खेळाच्या आधारानं दिली आहेत. दहा खेळांची नावं पाठ असण्यापेक्षा एक खेळ नीट घेता येणं कामाचं. तो खेळ म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचा ‘बिअर गेम’.

बिझनेस सिम्युलेशन गेम म्हणजे नक्की काय? लहानपणीच्या ‘नवा व्यापार’सारखाच का?

नाही. ‘नवा व्यापार’मध्ये फासे काय पडतात यावर निम्मं भवितव्य ठरतं आणि एकाचं दिवाळं निघालं की दुसरा जिंकतो. सिम्युलेशनमध्ये एखाद्या धंद्याचा किंवा कामाचा सांगाडा मांडलेला असतो: माल, पैसा, वेळ, माणसं. विद्यार्थी निर्णय घेतात, नियमांप्रमाणे त्याचा परिणाम समोर येतो आणि त्या परिणामावर उभं राहून पुढचा निर्णय घ्यावा लागतो. मागच्या फेरीतली चूक पुढच्या फेरीत गळ्यात येते. केस स्टडीत विद्यार्थी दुसऱ्याच्या निर्णयावर मत देतो. इथे मात्र निस्तरायचं असतं ते स्वतःचंच.

ही कल्पना आली कुठून?

मूळ लष्करी आहे. प्रशियात १८२४च्या सुमारास नकाशावर लढाई खेळण्याचा ‘क्रीगश्पील’ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात आला. उद्योगासाठी असा खेळ प्रथम तयार केला तो मारी बिर्श्टाइन या रशियन बाईंनी, १९३२ साली लेनिनग्राडमध्ये. विषय होता टाइपरायटर कारखान्यातली जुळणी. अमेरिकेत १९५०च्या दशकात रँड या संशोधन संस्थेनं हवाई दलाच्या सुट्या भागांच्या पुरवठ्यावर ‘मोनोपोलॉग्ज’ केला आणि १९५६ साली अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशननं बड्या अधिकाऱ्यांसाठी संगणकावर चालणारा निर्णयांचा खेळ तयार केला. तिथून तो विद्यापीठांत शिरला. बिर्श्टाइन बाईंचं नाव मॅनेजमेंटच्या पुस्तकांत क्वचितच दिसतं, म्हणून इथे मुद्दाम दिलं.

सुरुवात कोणत्या खेळानं करावी?

बिअर गेमनं. त्याला लायसन्स, लॅब, प्रोजेक्टर यातलं काही लागत नाही. नियम दहा मिनिटांत सांगून होतात. आणि नियम इतके सोपे असूनही हुशार माणसं त्यात हमखास गोते खातात.

त्याच्या मागची गोष्ट अशी. जे फॉरेस्टर हे मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९५६ साली ते एमआयटीच्या मॅनेजमेंट स्कूलमध्ये आले. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यात एक कोडं होतं: कधी तीन-तीन पाळ्या लावाव्या लागत, तर काही वर्षांत निम्मे कामगार कमी करायची वेळ येई. बाजारातली मंदी-तेजी हे कारण पुरेसं वाटत नव्हतं. फॉरेस्टरांनी वहीच्या पानावर रकाने आखले, साठा, ऑर्डरी आणि कामगार आठवड्यागणिक मांडत गेले. बाहेरची मागणी स्थिर धरली तरी नुसत्या कारखान्याच्या ऑर्डरी देण्याच्या रीतीमुळे चढउतार होतात, हे त्यातून दिसलं. बिअर गेम हा याच विचाराचा पटावर मांडलेला अवतार. एमआयटीच्या याच मॅनेजमेंट स्कूलमध्ये, म्हणजे ‘स्लोन’मध्ये, नव्या एमबीए विद्यार्थ्यांना अगदी सुरुवातीच्या दिवसांत तो खेळायला बसवण्याची प्रथा आहे.

आमच्या संस्थेत ‘बिअर’ हे नाव चालणार नाही.

मग बदला. बिस्किटांचे बॉक्स करा, तेलाचे डबे करा. दूध मात्र नको, कारण नासणारा माल साठवायचा कसा यावर विद्यार्थी हुज्जत घालतात आणि ती हुज्जत बरोबर असते. नाव बदलण्यात आणखी एक फायदा आहे, तो नेटवरच्या उत्तरांबद्दलच्या प्रश्नात सांगितला आहे.

खेळ प्रत्यक्षात कसा चालतो?

एका टेबलावर एक साखळी: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. ऑर्डर दुकानदाराकडून कारखान्याकडे जाते, माल उलट्या दिशेनं येतो. प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ पेट्या असतात आणि वाटेतल्या प्रत्येक घरात ४ पेट्या. ऑर्डरची चिठ्ठी पोचायला वेळ लागतो, माल यायला आणखी दोन आठवडे लागतात. पडून राहिलेल्या पेटीमागे आठवड्याला अर्धा रुपया, आणि मागणी असून देता न आलेल्या पेटीमागे एक रुपया खर्च. मूळ खेळात हेच आकडे डॉलरमध्ये आहेत. साखळीचा एकूण खर्च कमीत कमी ठेवायचा, एवढंच उद्दिष्ट.

दर आठवड्याला पाच कामं ठरलेल्या क्रमानं: आलेला माल आत घ्या आणि वाटेतला माल एक घर पुढे सरकवा, चिठ्ठी उघडून माल द्या, साठा किंवा थकबाकी लिहा, चिठ्ठ्या पुढे सरकवा, आपली नवी ऑर्डर लिहा. आपसात बोलायचं नाही. ग्राहकाची मागणी फक्त दुकानदाराला दिसते, पत्त्यांच्या गड्डीतून, दर आठवड्याला एक पत्ता. विद्यार्थ्यांना ५० आठवडे खेळायचंय असं सांगतात आणि ३६च्या आसपास थांबवतात. शेवटचा आठवडा माहीत असला की मंडळी साठा शून्यावर आणायच्या मागे लागतात आणि सगळं चित्र बिघडतं.

पेट्यांसाठी चिंचोके वापरा. स्वस्त पडतात, सरकवायला सोपे. पण एका टेबलावर निदान दोन-तीनशे लागतील, कारण खेळाच्या मध्यावर कुणातरीपुढे ढीग साचणारच. तेवढे जमले नाहीत तर चिठ्ठीवर आकडा लिहून चिठ्ठीच सरकवा. ६० जणांचा वर्ग असेल तर प्रत्येक भूमिकेवर दोघं बसवा, म्हणजे सात-आठ टेबलांत सगळा वर्ग बसतो. दोघं असले की निर्णयाआधी कुजबुज होते, आणि ती कुजबुजच नंतरच्या चर्चेत कामी येते.

मग गोते कुठे खातात?

पत्त्यांमध्ये मागणी अशी असते: पहिले चार आठवडे ४ पेट्या, पाचव्यापासून शेवटपर्यंत ८. एकदाच उडी. पुढे काही नाही.

आता दुकानदाराच्या खुर्चीत बसून बघा. आठवड्याला ४ पेट्या येतायत, कारण आधी तेवढ्याच मागवल्या होत्या. पाचव्या आठवड्यात ८ गेल्या, साठा १२चा ८ झाला. सहाव्यात ४. सातव्यात शून्य. आठव्यात चार पेट्या थकल्या. पाचव्या आठवड्यात शहाणपणानं ८ची ऑर्डर दिली असेल, तरी तो माल नवव्या आठवड्यात हातात पडणार. पण चौघांतला कुणीही तोवर शांत बसत नाही. समजा दुकानदार झालेल्या मुलीनं पाचव्यापासून ८, १२, १६, २०, २४ अशा ऑर्डरी लिहिल्या. नववा आठवडा संपताना तिच्या मागवलेल्या पण न आलेल्या पेट्या ७०च्या वर आहेत आणि तिची खरी विक्री आठवड्याला ८. तिच्या समोर मात्र रिकामं घर आणि थकबाकीचा आकडा एवढंच आहे. घाऊक व्यापाऱ्याला तिची २४ची चिठ्ठी दिसते, तो ३५ मागवतो. कारखान्यापर्यंत जाताजाता हे आकडे अवाच्या सवा होतात.

साधारण पंधराव्या-विसाव्या आठवड्याच्या दरम्यान माल यायला लागतो आणि मग थांबत नाही. शून्याच्या ऑर्डरी सुरू होतात. कारखाना झालेला मुलगा, जो पाच आठवड्यांपूर्वी घामाघूम झाला होता, तो आता सलग शून्याच्या चिठ्ठ्या उघडत बसतो.

एमआयटीचेच प्राध्यापक जॉन स्टर्मन यांनी १९८९ साली या खेळाच्या नोंदी अभ्यासून मांडणी केली. त्यांच्या संघांचा सरासरी खर्च चांगल्या सोप्या नियमानं खेळल्यास येणाऱ्या खर्चाच्या जवळपास दहापट होता. मूळ कारण त्यांना दिसलं ते हेच: माणसं हातातला साठा बघतात, वाटेतला माल धरत नाहीत.

हे खऱ्या धंद्यात घडतं, की फक्त पटावर?

घडतं. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लोकांनी लहान मुलांच्या डायपरच्या ऑर्डरी तपासल्या. बाळांचा वापर ठरावीक, दुकानातली विक्री फारशी हलत नव्हती, पण वितरकांच्या ऑर्डरी बऱ्याच वरखाली व्हायच्या आणि कंपनी स्वतः कच्चा माल मागवताना त्याहून जास्त. त्याला त्यांनी ‘बुलव्हिप’ (लांब चाबूक) म्हटलं. हाउ ली, पद्मनाभन आणि व्हांग या संशोधकांनी १९९७ साली त्याची चार कारणं सांगितली: समोरच्या ऑर्डरीवरून अंदाज बदलत राहणं, ऑर्डरी साठवून एकदम देणं, स्कीमच्या काळात जास्तीची खरेदी, आणि टंचाईत वाटणी होणार म्हणून फुगवून मागणी लिहिणं. शेवटचं कारण समजावताना वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. टंचाईच्या बातमीनंतर गॅस एजन्सीपुढे लागणारी रांग सगळ्यांनी बघितलेली आहे. २०२०मध्ये वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी कापल्या, मागणी परत आली तेव्हा रांगेत शेवटी उभं राहावं लागलं, आणि पुण्या-चाकणच्या पट्ट्यात २०२१मध्ये गाड्यांचं उत्पादन त्यामुळे रखडलं. तुमच्या वर्गात चाकणला नोकरी करणाऱ्या पालकांची मुलं असतील तर ही गोष्ट त्यांना घरून ऐकून माहीत असते.

यातून नोकरीच्या जागी लागणारी कोणती कौशल्यं येतात?

लेसन प्लॅनमध्ये ‘क्रिटिकल थिंकिंग’, ‘टीमवर्क’ असं लिहून मोकळं होऊ नका. ते शब्द कोणत्याही तासाला चिकटतात. दिसेल आणि तपासता येईल असं लिहा. उदाहरणार्थ: ऑर्डर ठरवताना वाटेतला माल मोजतो. नेहमीपेक्षा वेगळा निर्णय घेतला तर कारण नोंदवतो. उशिरा मिळणाऱ्या परिणामाची वाट बघू शकतो, मधेच चार वेळा निर्णय फिरवत नाही. दुसऱ्याला दोष देण्याआधी त्याच्यासमोर कोणती माहिती होती हे विचारतो.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, असं माझं मत आहे. स्टोअरमधला माणूस परचेसला शिव्या घालतो, परचेसवाला व्हेंडरला, सेल्सवाला प्रॉडक्शनला. पहिल्या नोकरीत रुजू झालेलं पोर महिन्याभरात तीच भाषा शिकतं. बिअर गेममध्ये हे दोन तासांत घडतं आणि कागदावर नोंदलेलं राहतं, त्यामुळे त्यावर बोलता येतं.

प्रेझेंटेशन देणं, ईमेल लिहिणं, ग्राहकाशी बोलणं वगैरे या खेळातून येणार नाही. त्यासाठी दुसरं काही करा.

खेळ संपल्यावर चर्चा कशी घ्यायची?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा. खेळ ही फक्त सामग्री आहे. शिकणं चर्चेत होतं. खेळाला दीड तास दिलात तर चर्चेला किमान तेवढाच द्या. अनेक ठिकाणी खेळ रंगतो, घंटा होते, ‘बाकी उद्या बोलू’ म्हणून सगळे उठतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उरतं ते फक्त कोण जिंकलं याचं कौतुक. तसं होणार असेल तर खेळ घेऊच नका.

आधी वाफ जाऊ द्या. मुलं चिडलेली असतात. ‘घाऊकवाल्यानं वाट लावली’, ‘कारखाना झोपला होता’ अशी वाक्यं येतील. ती फळ्यावर जशीच्या तशी लिहा, नाव न घालता.

मग दुकानदार सोडून बाकी सगळ्यांना कोरा कागद द्या आणि सांगा: ग्राहकाची मागणी ३६ आठवड्यांत कशी होती असं तुम्हाला वाटतं, त्याचा आलेख काढा. जवळजवळ सगळेच डोंगर-दऱ्या काढतात. वर गेलेली, मग कोसळलेली मागणी. काही जण सणांचा हंगामसुद्धा शोधून काढतात. दुकानदार मंडळी तोवर खाली मान घालून हसत असतात. सगळ्यांचे आलेख भिंतीवर लागले की खरा आलेख काढा: चारची सपाट रेघ, एक पायरी, आठची सपाट रेघ. त्यानंतरची मिनिटभराची शांतता मोडू नका. तुम्ही बोलायला लागलात तर ती फुकट जाते.

यानंतर प्रत्येक टेबलाचे ऑर्डरींचे चार आलेख एकाखाली एक लावा: दुकानदार, घाऊक, वितरक, कारखाना. सगळ्या टेबलांवर आकडे वेगळे, चेहरा एकच: खाली जाल तसा डोंगर उंच आणि उशिरा. आता विचारा की माणसं वेगळी, स्वभाव वेगळे, तरी सगळीकडे तेच झालं, मग दोष कुणाचा? फळ्यावरची सुरुवातीची वाक्यं परत वाचून दाखवा. इथे एखादा तरी विद्यार्थी म्हणतो, ‘सर, म्हणजे कुणाचाच नाही.’ तिथे थांबू नका. ‘कुणाचाच नाही’ हे सोयीचं उत्तर आहे. वाटेतला माल कोण मोजत होतं, असं विचारा. त्याचा रकाना नोंदपत्रकात आखायला तुम्हाला कुणी मनाई केली होती का? नियमांत तशी मनाई कुठेच नाही.

शेवटी, बोलायची मुभा असती तर काय बदललं असतं ते विचारा. मुलं म्हणतील, ‘सगळं सुटलं असतं.’ तसं नाही. संशोधकांनी मागणीचा स्वभाव खेळाडूंना आधीच सांगून प्रयोग केले आहेत, तरी हा परिणाम कमी-अधिक प्रमाणात राहिलाच. वेळ असेल तर पुढच्या तासाला हाच खेळ पुन्हा घ्या, बोलायला परवानगी देऊन आणि मागणीचे पत्ते बदलून.

मार्क कसे द्यायचे? जिंकणाऱ्या गटाला जास्त?

निकालाला शून्य मार्क. वादासाठी म्हणत नाही, कारण साधं आहे. निकालावर मार्क ठेवले की पोरं एकमेकांच्या टेबलावर डोकावतात, फोन काढतात, आणि खर्चाचा आकडा नोंदताना हात सैल सोडतात. शिवाय एखादा संघ निव्वळ योगायोगानं कमी खर्चात सुटतो. मूळ खेळात प्रत्येकानं एक डॉलर पैज म्हणून ठेवायचा आणि जिंकलेल्या टेबलानं सगळे घ्यायचे अशी गंमत आहे. आपल्याकडे पैशांऐवजी वडापाव ठेवा, चुरस तेवढीच राहते.

मार्क द्यायचे ते निर्णयवहीला. प्रत्येक आठवड्याला ऑर्डरच्या आकड्याशेजारी एक ओळ: का? आणि ही ओळ पुढचा आठवडा सुरू होण्याआधी लिहिलेली हवी. २० मार्कांचं असेल तर ८ निर्णयवहीला, ८ चर्चेनंतर घरी लिहिलेल्या टिपणाला, ४ चर्चेतल्या सहभागाला. निर्णयवहीत ‘अंदाजे’ असं सलग दहा वेळा लिहिलेलं सापडेल. त्याला कमी मार्क द्या, पण चर्चेत ते पान नाव झाकून दाखवा, कारण ऑफिसातही अर्धे निर्णय तसेच होतात.

टिपणात एकच प्रश्न विचारा: ‘बाराव्या आठवड्यात तुम्हाला पुन्हा बसवलं, तर वहीतल्या कोणत्या आकड्यांवरून ऑर्डर ठरवाल?’ मराठीत लिहू द्या. इंग्रजीच्या भीतीपोटी विचार आखडलेला कागद तपासण्यात काही अर्थ नाही.

उत्तर नेटवर मिळतं. मुलं आधीच बघून आली तर?

म्हणूनच नाव बदला आणि आकडेही. ४ वरून ८ऐवजी ५ वरून ९ करा. नेटवर पायरी बघून आलेला विद्यार्थी कारखान्याच्या खुर्चीत बसला तर त्याला फारसा उपयोगही होत नाही. समोरून ४०ची चिठ्ठी आली की त्याचाही धीर सुटतो. फोन मात्र पिशवीत गोळा करा. टेबलाचा व्हॉट्सअॅप ग्रुप पाचव्या आठवड्यापर्यंत तयार होतो.

एकच जण सगळं ठरवतो, बाकीचे बघत बसतात. काय करावं?

बिअर गेममध्ये हे कमी होतं, कारण प्रत्येक खुर्चीवर स्वतःची वही असते. कंपनी चालवण्याच्या मोठ्या खेळांत मात्र सर्रास होतं: ज्याला एक्सेल येतं तो लॅपटॉप धरून बसतो. दर फेरीला लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात द्यायचा नियम करा. हार्वर्डच्या ‘एव्हरेस्ट’ खेळात यावर चांगली तोड आहे. चढाईच्या गटातल्या प्रत्येकाला थोडी वेगळी माहिती दिलेली असते, त्यामुळे गप्प बसलेल्या माणसाकडची माहिती न काढता गट पुढे गेला तर अडचणीत येतो.

कॉम्प्युटरवरचे विकतचे खेळ घ्यावेत का?

पैसे असतील आणि किमान दोन प्राध्यापक ते आधी स्वतः पूर्ण खेळणार असतील, तर घ्या. इनसिआड या फ्रान्समधल्या बिझनेस स्कूलमध्ये लारेशे आणि गातिन्यों यांनी तयार केलेला मार्केटिंगचा ‘मार्कस्ट्रॅट’ १९७० च्या दशकापासून चालू आहे. त्यात ‘सोनाइट’ आणि ‘व्होडाइट’ नावाच्या काल्पनिक उत्पादनांचा बाजार असतो आणि गट एकमेकांशी स्पर्धा करतात. कॅपसिम या कंपनीच्या ‘कॅपस्टोन’मध्ये सेन्सर बनवणाऱ्या सहा कंपन्या असतात, अँड्र्यूजपासून फेरिसपर्यंत, आणि एक फेरी म्हणजे एक वर्ष. मार्केटिंग, उत्पादन, वित्त, संशोधन एकमेकांत कसं गुंतलेलं असतं हे त्यात बिअर गेमपेक्षा कितीतरी चांगलं दिसतं. ताळेबंद वाचायची सवय लागते, कारण न वाचता पुढची फेरी भरणाऱ्याची रोकड संपते.

त्यांची अडचण वेगळी आहे. मॉडेल आत बंद असतं. मुलांना हळूहळू कळतं की अमुक आकडा वाढवला की शेअरचा भाव चढतो, आणि ती धंद्याऐवजी सॉफ्टवेअरला ओळखायला शिकतात. दर दोन फेऱ्यांनी थांबवून ‘हे खऱ्या कंपनीत चाललं असतं का?’ असं विचारलं नाही, तर महिनाभर चालणारा खेळ निव्वळ स्पर्धा होऊन बसतो.

अकरावी-बारावी, आयटीआय किंवा पॉलिटेक्निकसाठी काही सोपं?

नाण्यांचा खेळ घ्या. पाच जण ओळीत, २० नाणी. प्रत्येकानं एका हातानं एकेक नाणं उलटायचं. आधी वीसच्या वीस उलटून झाल्यावरच पुढच्याकडे द्यायची. मग पाच-पाचच्या गठ्ठ्यानं. मग एकेक. दरवेळी घड्याळ लावा. हात तेवढेच चालतात, पण शेवटचं नाणं बाहेर पडायला लागणारा वेळ झपाट्यानं खाली येतो. पंधरा-वीस मिनिटांत शॉप फ्लोअरवरच्या ‘लॉट’चा प्रश्न हाताला कळतो. आयटीआयची मुलं यावर एमबीएच्या मुलांपेक्षा नेमकं बोलतात, हे अनेकदा दिसलंय.

नव्या अभ्यासक्रमात ऑन-जॉब ट्रेनिंग आहे. त्याऐवजी सिम्युलेशन चालेल का?

नाही, आणि तसं दाखवूही नका. खऱ्या जागेवर वरिष्ठाचा मूड असतो, बंद पडलेलं मशीन असतं, सही न मिळालेली फाइल असते. तुमची बस चुकते. यातलं काहीच पटावर नाही. पण ट्रेनिंगला पाठवण्याआधीच्या आठवड्यात खेळ घेतला तर तिथे काय बघायचं हे मुलांना कळतं. परत आल्यावर ‘तिथे वाटेतल्या मालाची नोंद कोण ठेवत होतं?’ असा प्रश्न विचारता येतो, आणि ‘खूप शिकायला मिळालं’ छापाच्या अहवालांपेक्षा बरं काही हाती येतं.

खेळात चांगला खेळला म्हणजे कामावर चांगला निघेल का?

असं गृहीत धरू नका. पटावर शिकलेलं आपोआप ऑफिसात उतरत नाही. एखादी मुलगी बिअर गेमवर सुरेख टिपण लिहील आणि घरच्या किराणा दुकानात दिवाळीआधी भरमसाट माल भरेल. म्हणून चर्चेत एक तरी उदाहरण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या घरातलं, दुकानातलं किंवा शेतातलं काढून घ्या. गेल्या हंगामाचा भाव बघून यंदा कांदा लावणं हा याच जातीचा प्रश्न आहे, फक्त उशीर आठवड्यांचा नसून महिन्यांचा आहे. नाशिककडची मुलं तो तुमच्यापेक्षा चांगला मांडतील. तिथे तुम्ही खडू त्यांच्या हातात द्या.

खेळाचा वापर नोकरीसाठी निवड करायला करू नये. प्लेसमेंटवाले कधीकधी तसं सुचवतात. बिअर गेममध्ये जवळजवळ सगळेच बुडतात. त्यावरून कुणाची लायकी काढणं चूक आहे.

प्राचार्य म्हणतात, सिलॅबस संपत नाही आणि तुम्ही खेळ घेता.

सप्लाय चेन किंवा ऑपरेशन्सच्या पेपरात साठा-नियंत्रण, अंदाज आणि माहितीची देवाणघेवाण हे तिन्ही घटक असतातच. खेळ जास्तीचा म्हणून मांडू नका, त्या घटकांचे तास म्हणून मांडा. भिंतीवरचे आलेख उतरवू नका. प्राचार्य वर्गावरून जातात तेव्हा थांबून विचारतात.

पहिल्यांदा घेण्याआधी काय तयारी करावी?

स्टाफरूममध्ये चार सहकाऱ्यांना बसवून निदान पंधरा आठवडे खेळून बघा. नियमांत कुठे अडखळायला होतं ते तिथेच कळतं. बहुतेक वेळा ते तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असतं: साठा लिहायच्या आधीच कुणीतरी चिठ्ठी सरकवतो आणि आठवडा बिघडतो. म्हणून वर्गात पहिले चार आठवडे तुम्ही पाचही पायऱ्या मोठ्यानं म्हणत सगळ्या टेबलांना एकदम चालवा आणि प्रत्येकाला ४चीच ऑर्डर द्यायला लावा. पाचव्यापासून मोकळं सोडा, पण आठवड्याचा आकडा फळ्यावर तुम्हीच बदला, नाहीतर एक टेबल सतराव्या आठवड्यावर आणि दुसरं बाराव्यावर जातं. नोंदपत्रकं दोन जास्त छापा. थकबाकी उणे चिन्ह लावून लिहायची, हे मथळ्यातच छापलेलं असू द्या.